भंगारातून भाजीचा मांडव: गोव्याच्या पावसात टिकेल असा, आणि गावातल्या गटाला काम देईल असा

पावसाळ्यात गोव्यात भाजी का महागते ते सगळ्यांना माहीत आहे. बरीचशी भाजी बेळगावकडून घाट उतरून येते, चोर्ल्यात नाहीतर अनमोडात दरड आली, गाड्या अडकल्या की दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या बाजारात भाव चढलेला असतो. बरं आपल्या परसात पाणी फुकट, जागा आहे, माणसं आहेत, मग कोथिंबीर पालक का होत नाही? तर वरून कोसळणारा पाऊस. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जाड थेंबांनी कोवळं रोप मातीत गाडलं जातं, माती उडून पानाला लागते, पान दिवसभर ओलं राहतं आणि मग बुरशी. भेंडी, दोडकी, काकडी, अळू हे सगळं सोसतात, ते पिढ्यानपिढ्या उघड्यावर होतंच आहे, त्यांना काही लागत नाही. पालेभाजी आणि लहान रोपं मात्र नाही सोसत.

त्यामुळे आपल्याला लागतं ते छप्पर. भिंती नकोत. हे सुरुवातीलाच सांगते कारण नेटवर थंड देशातली बाटल्यांची नाहीतर जुन्या खिडक्यांची काचघरं बघून बरेच जण तेच इथे करायला जातात, तिथे थंडी अडवायची असते, आपल्याकडे चारी बाजू बंद केल्या तर आत वाफ धरते, उकडून रोपं मरतात आणि बुरशी बाहेरच्यापेक्षा जास्त. वर पक्कं, बाजू उघड्या, वारा आरपार. आपल्याकडे चवथीला (गणपतीला), लग्नाला मांडव घालणारी माणसं गावागावात आहेत, वासे कसे बांधायचे, उतार किती ठेवायचा हे त्यांच्या हातात आहे, नवीन काही शिकवावं लागत नाही.

खाली जे लिहिलंय ते पेडण्याकडच्या आमच्या बचत गटाच्या कामावरून, १० फूट बाय २० फुटांचा एक मांडव धरून. एकदा तो जमला की लहान मोठा कसाही करता येतो.

गट आधी, भंगार नंतर

कामाला सुरुवात करायला मोठं रजिस्ट्रेशन लागत नाही. गावात १० ते २० जणींचा बचत गट असेल, बँकेत खातं असेल, तर तिथूनच सुरू करा. पुढे शाळा, हॉटेलं, पंचायत अशा मोठ्या ऑर्डरी यायला लागल्या, बिल मागायला लागले, की मग सहकारी सोसायटी (गोव्याचा स्वतःचा सहकार कायदा २००१ चा आहे) किंवा कंपनी कायदा २०१३ मधली कलम ८ ची कंपनी, ज्यात नफा वाटून घेता येत नाही, कामातच घालावा लागतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि फुकट होते, ती करून ठेवा. जीएसटीचं म्हणाल तर बसवून देण्याची सेवाही आली म्हणून २० लाखांच्या उलाढालीवर नजर ठेवा आणि त्याच्या जवळ जायच्या आधीच सीएला भेटा.

कागदापेक्षा दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे तासांची वही. कोण किती तास आलं, काय केलं, रोजच्या रोज लिहायचं, पैसे तासांवर वाटायचे. जाळी धुणारी आणि वेल्डिंग करणारा यांच्या तासाचा दर वेगळा ठेवायचा की एकच, हे पहिल्या मीटिंगमध्ये ठरवून टाका, नंतर ठरवायला गेलात तर भांडणं होतात. दुसरं म्हणजे ज्याला परवडत नाही त्याचं काय. आम्ही पाच मांडव पूर्ण किमतीला गेले की सहावा कमी किमतीत देतो, कोणाला द्यायचा ते सगळ्यांसमोर ठरतं. असा काही नियम आधीच नसेल तर प्रत्येक वेळी तोंड बघून सूट दिली जाते.

कुठला माल घ्यायचा, कुठला अजिबात नाही

जानेवारी ते मार्च हा माल गोळा करायचा काळ, शिगम्याचे दिवस सोडून. पंचायतीचा सुका कचरा जिथे वेगळा होतो त्या शेडवर जा, सरपंचांना लेखी पत्र द्या की आम्हाला अमुक अमुक वस्तू बाजूला ठेवा. भंगारवाल्याशी ओळख हवीच. त्याला नुसतं "पाइप आले तर सांग" म्हणू नका, नमुन्याचा दीड फुटाचा तुकडा त्याच्याकडे ठेवा आणि सांगा, एवढ्या जाडीचा, वाकलेला नको, गंज वर वर चालेल पण नखाने खरवडल्यावर पापुद्रे सुटत असतील तर नको.

पाइप: दीड इंची जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप, जुन्या पाण्याच्या लाइनीचे, अँटेनाचे, बोर्डांच्या सांगाड्याचे. हाच मांडवाचा कणा. उचलून हातोडीने ठोकून बघा, खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर आतून गेलेला असतो.

पोफळीचे खांब आणि रिपा: कुळागरात (सुपारीच्या बागेत) जुन्या पोफळी पडतातच, उभ्या चिरून रिपा (लांब पट्ट्या) काढायच्या. मातीत पुरायच्या नाहीत, वाळवी लागते. वर कागद (छपराचं पातळ प्लॅस्टिक, आम्ही त्याला कागदच म्हणतो) दाबायला यांच्याइतकं चांगलं काही नाही.

बांबू: मधल्या वाशांना. भुंग्यापासून वाचवायला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवून सावलीत सुकवा. हे औषध पावसात धुऊन जातं म्हणून बांबू छपराखालीच वापरायचा, जमिनीला टेकवायचा नाही.

मासेमारीची जुनी जाळी: शापोऱ्याला, मालीमला, कुटबणला जेटीवर फाटलेली जाळी ढिगाने पडलेली असतात, विचारलं तर रापणकार (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे), ट्रॉलरवाले आनंदाने देतात. वेल चढवायला आणि माकडांना थोडं अडवायला कामाला येतात. पण इथे नीट बघा. जाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाचे मणी असतात, बोटाएवढे, करडे, पकडीने दाबले की लगेच चेपतात. ते एक एक कापून काढायचे, हातमोजे घालून, आणि भंगारात वेगळे द्यायचे. शिसं विषारी, भाजीच्या मातीत एकही मणी राहता कामा नये. आमच्यात एक मावशी आहेत, मांडीवर जाळं पसरतात आणि दोरी बोटांतून सरकवत जातात, मण्याशी बोट अडलं की कात्री, असं करत अख्खं जाळं संपवतात. नंतर मीठ जायला दोनदा गोड्या पाण्यात भिजवून, कडक उन्हात वास जाईपर्यंत सुकवायचं. बारीक आसाचं (भोकांचं) जाळं जमिनीजवळ सैल ठेवू नका, धामण अडकून मरते, आणि धामण उंदीर खाते म्हणजे ती आपल्याच कामाची. जमिनीपासून एक फूट वर ठेवा आणि ताणून बांधा.

मंगलोरी कौलं: जुनी घरं पाडली जातात किंवा पत्रा चढतो तेव्हा मिळतात. आखी कौलं वाफ्याच्या कडेला उभी लावायला, फुटकी खाली निचऱ्याला. अशाच घरांतून कधी शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या निघतात, त्या मात्र मांडवाला लावू नका, जुनी घरं दुरुस्त करणारे लोक शोधत असतात, त्यांना द्या, चांगले पैसे मिळतील आणि वस्तू जपली जाईल.

निळे ड्रम: २०० लिटरचे, पाणी साठवायला किंवा अर्धे कापून कुंडीसारखे. गोव्यात औषधांच्या आणि केमिकलच्या कंपन्या खूप आहेत, त्यांचे ड्रमही भंगारात येतात, स्वस्तही मिळतात. घेऊ नका. ज्यात आधी खायची वस्तू होती असं लेबलवरून कळतंय तेवढेच घ्या, लेबल खरवडलेलं असेल तर सोडून द्या. धुऊन साफ होतं असं कोणी कितीही सांगितलं तरी भाजीच्या बाबतीत हा धोका घ्यायचा नाही.

आता नको असलेल्यांची यादी. सिमेंटचे जुने पत्रे, ज्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, कापताना धूळ फुप्फुसात जाते, हात लावू नका. टायर, मातीत काय काय उतरतं ते सोडाच, पण पाणी साठून डासांची पैदास. जुना रंग लावलेलं लाकूड. आणि फ्लेक्स. निवडणूक, जत्रा झाली की फ्लेक्सचे ढीग मिळतात आणि सगळे म्हणतात याचा मांडव करा. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी जाड फ्लेक्स येतातच. त्यातून उजेड जात नाही, उन्हाने चिरफळ्या होऊन मातीत मिसळतो. खताच्या ढिगावर झाकायला किंवा वादळात एका बाजूला पडदा म्हणून चार दिवस बांधायला ठीक, एवढंच.

प्लॅस्टिकच्या बाटल्यांबद्दल मला नेहमी विचारतात. बुडं कापून काठीत ओवून भिंती करतात तसं दिसायला सुंदर होतं, पण आपल्याला भिंती नकोत आणि प्रत्येक खाचेत पावसाचं पाणी साठलं की डेंग्यूचा डास. स्वच्छ बाटल्या सरळ भंगारात द्या, त्यांना भाव आहे, त्या पैशांतून खिळे येतात.

एक गोष्ट मात्र नवी घ्यायचीच, ती म्हणजे वरचा कागद. त्याबद्दल पुढे.

जागा आणि जमीन

बांधायच्या आधी जमीन कोणाची ते विचारा. आपल्याकडे मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेले), भाटकार (जमीनमालक), कोमुनिदाद (गावकीची जमीन), घरात चार भावांची नावं, सगळी गुंतागुंत आहे. पक्कं बांधकाम दिसलं की वाद सुरू होतो. म्हणून आपला मांडव बोल्ट काढून उचलता येईल असाच करतो, आणि तरीही जमीन दुसऱ्याची असेल तर त्याच्याकडून चार ओळी लिहून घेतो. पंचायतीतही एकदा विचारून ठेवा.

जागा निदान सहा तास उजेडाची, माडाखाली नको. नारळ किंवा झावळी पडली की कागद गेलाच. विजेच्या तारेखाली नको, लोखंडी सांगाडा आहे. पाणी साचणारी सखल जागा नको.

दिशा: पावसाळ्यात वारा पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो. दोन्हीकडे उतार असलेला मांडव असेल तर त्याची अरुंद बाजू, म्हणजे १० फुटांची, वाऱ्याकडे करा. घराच्या भिंतीला लागून एकाच उताराचा असेल तर खालची बाजू वाऱ्याकडे हवी, म्हणजे वारा छपराला वरून दाबतो. उंच बाजू वाऱ्याकडे झाली तर तोच वारा खालून शिरून छप्पर उचलतो.

सांगाडा उभा करणं

सगळ्यात जास्त वेळ पायावर घालवा. हिशोब समजून घ्या म्हणजे खड्डा कमी खणायचा मोह होणार नाही. ताशी ७२ किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण २४ किलोचा जोर लावतो. आपलं छप्पर १८.६ चौरस मीटरचं, म्हणजे ढोबळमानाने साडेचारशे किलोची उचल. वारा दीडपट, १०८ झाला तर जोर सव्वादोनपट होतो, म्हणजे हजार किलोवर. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा गोव्यात झाडं कशी आडवी झाली ते सगळ्यांनी बघितलंय. मांडवाचं स्वतःचं वजन यापुढे काहीच नाही, त्याला धरून ठेवतं ते जमिनीतलं काँक्रीट.

२० फुटांच्या लांबीवर दर ५ फुटांनी एक, असे एका बाजूला ५ आणि दोन्ही बाजूंना मिळून १० खड्डे. प्रत्येक एक फूट बाय एक फूट, दोन फूट खोल. आपली तांबडी चिऱ्याची जमीन, पहारीशिवाय होत नाही, आणि एप्रिलमध्ये फारच कडक असते म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी घालून ठेवा. काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी), मध्ये चिऱ्याचे तुकडे टाकून सिमेंट वाचवता येतं. एका खड्ड्यात सव्वाशे ते एकशेतीस किलोचा गठ्ठा होतो, दहाचे मिळून तेराशेच्या आसपास, म्हणजे वरच्या हजार किलोला पुरून उरतो. तुकडे घातले तर तीन, नाहीतर साडेतीन ते चार गोणी सिमेंट लागतं.

पण दीड इंची खांब सरळ काँक्रीटमध्ये गाडू नका. दोन इंची पाइपचा अडीच फुटांचा तुकडा गाडायचा, सहा इंच वर ठेवून, आणि गाडायच्या आधी त्याच्या बुडाला आडवी सळी आरपार घालायची म्हणजे तो काँक्रीटमधून उपसून येत नाही. तुकड्याच्या आत काँक्रीट जाणार नाही यासाठी तोंडात आणि बुडात चिंध्या कोंबून ठेवा. काँक्रीट सुकल्यावर वरच्या चिंध्या काढून खांब त्यात उतरवायचा आणि आरपार एक बोल्ट. बस. उद्या जमिनीवरून वाद झाला, घर बदललं, तर बोल्ट काढला की मांडव गाडीत.

खांबांची उंची जमिनीवर साडेसहा फूट, मधल्या आढ्याची साडेनऊ. म्हणजे ५ फुटांत ३ फूट उतार येतो, साधारण ३० अंश. कोणी म्हणेल एवढा कशाला, पण कमी केला तर पाणी थांबतं. प्रत्येक खांबाच्या जोडीवर वाशांची जोडी, वरून दीड फुटावर आडवा बांध घालून इंग्रजी ए सारखी. चारी कोपऱ्यांत तिरके आधार द्यायला विसरू नका, ते नसतील तर सगळा सांगाडा एका बाजूला कलतो.

दोन पाइपच्या वाशांच्या बरोबर मध्ये बांबूचा एक वासा, म्हणजे दर अडीच फुटांवर काहीतरी आहे. मात्र आडव्या रिपा शक्य तितक्या कमी. हे उलटं वाटेल, पण बघा काय होतं: उतारावरून पाणी येतं, आडव्या रिपेपाशी कागद जरा वर उचललेला असतो, तिच्या वरच्या अंगाला चिमूटभर खोलगा होतो, पाणी तिथे थांबतं, वजनाने कागद ताणतो, खोलगा वाढतो, अजून पाणी. एक मीटर बाय एक मीटरच्या जागेत १० सेंटिमीटर पाणी साठलं तर ते १०० किलो होतं. रात्रीतून कागद फाटतो किंवा बांबू मोडतो. उभे वासे असले की पाणी त्यांच्या मधून सरळ खाली जातं.

जीआय पाइप वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो, त्याने ताप भरतो, थंडी वाजते. सांध्यावरचं जस्त आधी घासून काढा, वेल्डिंग उघड्यावर करा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहा. भंगारात काम करणाऱ्या प्रत्येकाचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं हवं. ग्राइंडरला चष्मा. एवढं पाळलंच पाहिजे.

कागद चढवणं

२०० मायक्रॉनचा, ऊन सोसणारा यूव्हीवाला पॉलिहाऊसचा (प्लॅस्टिकच्या हरितगृहाचा) पेपर घ्या. साधं पांढरं प्लॅस्टिक किंवा निळी ताडपत्री एका उन्हाळ्यात गळते, आणि तिचे बारीक तुकडे वेचत बसावं लागतं. एखाद्याचं पॉलिहाऊस मोडलं, जुना पेपर मिळतोय असं कळलं तर जाऊन बघा, दोन्ही हातांनी ताणून बघा, पांढरट चरा न येता ताणला गेला तर अजून जीव आहे. तो लहान रोपवाटिकेला वापरा, मोठ्या मांडवाला नको.

किती लागतो? दोन्ही उतार मिळून पावणेबारा फूट, दोन्हीकडे एक एक फूट पागोळी, आणि गुंडाळायला थोडा, मिळून १५ फूट रुंद. लांबी २३ फूट. म्हणजे ३२ चौरस मीटर. हा पेपर किलोवर विकतात, २०० मायक्रॉनच्या एका किलोत साधारण साडेपाच चौरस मीटर येतो, तर आपल्याला सहा किलो. दुकानदाराने दहा सांगितले तर हा हिशोब त्याच्यापुढे ठेवा.

चढवायच्या आधी पाइपच्या वरच्या अंगाला पांढरा रंग मारा. उन्हात लोखंड तापतं आणि जिथे कागद त्याला टेकतो तिथेच तो आधी जळतो. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या गुंडाळल्या तरी चालतं. पीव्हीसी पाइप मात्र कागदाला टेकू देऊ नका, त्यातून सुटणाऱ्या द्रव्याने पॉलिथीन लवकर खराब होतं. गंधकाची फवारणीही कागदाला मारक आहे.

वारा पडलेली सकाळ निवडा, ऊन जरा चढल्यावर, कागद कोमट झाला की नीट ताणला जातो. चार माणसं हवीत. आधी एका बाजूला खालच्या कडेला पोफळीच्या दोन रिपांमध्ये कागद दाबून स्क्रू मारा, मग आढ्यावरून पलीकडे टाका, तिथे कागदाची कड रिपेवर दोन वेढे गुंडाळून ताणा आणि दुसरी रिप वरून आवळा. खिळा कागदातून सरळ मारला तर तिथून फाटायला सुरुवात होते, दाब रिपांवर आला पाहिजे. शेवटी ट्रॉलरची जुनी दोरी छपरावरून या बाजूने त्या बाजूला नागमोडी नेऊन खालच्या हुकांना आवळायची, प्रत्येक दोन वाशांच्या मधून एक फेरा. वाऱ्यात कागद फडफडला की संपला. हाताने थोपटून बघा, डफासारखा वाजला पाहिजे.

खाली काय

छपरावरून येणारं पाणी कमी समजू नका. १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि जुलैत असे दिवस येतात, तर या एवढ्याशा छपरावरून १८०० लिटरवर पाणी येतं. मोठा पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ करा, एक ड्रम ठेवा, तो ११ मिलिमीटर पावसातच भरतो, म्हणून त्याचं वाहून जाणारं पाणी चराने दूर न्या, विहिरीकडे नेता आलं तर उत्तम. ड्रमच्या तोंडावर बारीक जाळी घट्ट बांधा.

वाफे एक फूट उंच, कडेला कौलं. तांबडी माती आंबट असते, कृषी खात्याकडून माती तपासून घ्या आणि सांगतील तेवढाच चुना घाला. कौलांच्या फटीत मोठ्या गोगलगायी लपतात, रात्री बॅटरी घेऊन वेचल्याशिवाय इलाज नाही.

आणि पाणी घाला. बाहेर धो धो पडतोय म्हणून आतल्या वाफ्याला पाणी घालायचं लोकांच्या डोक्यातच येत नाही, चार दिवसांनी फोन येतो की रोपं माना टाकतायत. मांडव देताना घरातल्या एका माणसाचं नाव विचारून घ्या, पाणी कोण घालणार त्याचं.

लावायचं काय तर कोथिंबीर, पालक, मेथी, तांबडी भाजी (लाल माठ). तांबडी भाजी महिन्याभरात काढता येते, कोथिंबिरीला ३५ ते ४५ दिवस, चवथीची तारीख बघून मागे मोजत या. ऑगस्ट-सप्टेंबरात वाफा मोकळा झाला की मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं करा, पावसानंतर लावणी करणारे सगळे शोधत असतात आणि आपल्या गावची वांगी, आपली मिरची यांचं बी टिकतं हा मोठा फायदा. हरमलच्या मिरचीसारखं बी गावातच राहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

किंमत कशी लावायची

माल फुकट मिळाला म्हणून मांडव स्वस्त होत नाही. पाइप घासायला, जाळं साफ करायला, रिपा काढायला वेळ जातो आणि त्या वेळाचे पैसे बायकांना मिळाले पाहिजेत, नाहीतर हे फुकटचं राबणं झालं. पद्धत दाखवायला आकडे धरते, तुमचे वेगळे असतील. समजा सामान, सिमेंट, कागद मिळून ९०००. सगळं धरून ६० तास, तासाला १०० म्हणजे ६०००. गाडी १२००. झाले १६,२००. यावर १५ टक्के हत्यारं, वीज, जागा आणि फुकट गेलेले दिवस, म्हणजे १८,६३०. त्यावर १० टक्के गटाचे. साडेवीस हजारांच्या आसपास. अर्धे पैसे आधी, उरलेले कागद चढल्यावर.

पण माझं ठाम मत आहे की नुसते मांडव विकून गट टिकत नाही. गाव केवढं, दोन वर्षांत घेणारे संपतात. टिकतं ते दरवर्षीच्या कामावर. मेमध्ये जाऊन कागद चढवून द्यायचा, बोल्ट आवळायचे, बांबू तपासायचे. जुलैत एक फेरी. दिवाळीच्या सुमाराला कागद उतरवून, धुऊन, सावलीत सुकवून, गुंडाळून त्यांच्याच माळ्यावर ठेवायचा आणि सांगाड्यावर वेलासाठी जाळं बांधायचं. याचे वर्षाला ठरलेले पैसे घ्यायचे, हप्त्याने दिले तरी चालतील. गिऱ्हाइकाचा फायदा सरळ आहे, कागदाला मारतं ते ऊन, आणि आपलं कडक ऊन नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यापुरताच वर ठेवला तर तीन वर्षांचा कागद त्याहून बराच जास्त चालतो. गटाला दरवर्षी मे आणि नोव्हेंबरचं काम पक्कं होतं, घरोघरी जाणं होतं, तिथूनच पुढची ऑर्डर मिळते. अनुदानाचं विभागीय कृषी कार्यालयात जरूर विचारा, कृषी कार्ड (शेतकऱ्याला कृषी खात्याकडून मिळणारं) असेल तर घेऊन जा, पण धंद्याचा हिशोब अनुदान धरून करू नका, ते उशिरा येतं.

प्रत्येक मांडवाचं एक कार्ड करा. कोणत्या वर्षीचा कागद, कुठला पाइप बदलला, पाणी घालणाऱ्याचं नाव. वादळाचा इशारा आला की या कार्डांवरून सगळ्यांना फोन जातो: दोऱ्या आवळा, सैल पडदे काढा, आणि वारा फारच असणार असेल तर एका बाजूच्या रिपा सोडून कागद गुंडाळून टाका. भाजी परत होते, सांगाडा वाकला की महाग पडतं. विजा चमकत असताना मांडवाखाली कोणी थांबायचं नाही, ऑक्टोबरात संध्याकाळी हे मुद्दाम सांगावं लागतं.

फाटलेला कागद घरमालकाकडे सोडायचा नाही, नाहीतर तो परसात जाळला जातो. नवा देताना जुना परत घ्यायचा, असं पावतीवरच लिहा. त्यातले चांगले तुकडे कापून रोपांच्या ट्रेवर घालायला वापरतो, बाकीचे धुऊन, घडी करून पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या शेडवर वेगळे देतो, चिखल लागलेला कागद तिथे कोणी घेत नाही म्हणून धुणं गरजेचं. हे कामही तासांच्या वहीत लिहायचं.